गुऱ्हाळावरचं विमान

कुणी विमानप्रवासाच्या गप्पा काढल्या की मी हळूच कप उचलून स्वयंपाकघरात सटकतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आज तुम्ही दारच अडवून बसलाय, तेव्हा ऐका. हसा खुशाल! सगळं पलूस हसून झालंय, तुम्हीच काय ते राहिलाय.

सत्तर सालानंतरची गोष्ट. तेव्हा माझं पलूसला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गावात आपल्याइतका हुशार माणूस नाही, असं निदान मला तरी ठामपणे वाटत असे. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

माझी आत्या रहिमतपूरची. तिची एकुलती एक लेक कुसुम दिल्लीला. कुसुमला सातवा महिना लागलेला, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायची बंदी केलेली. करायला घरात दुसरं बाईमाणूस नाही. आत्याची कंबर अशी, की दोन दिवस रेल्वेत बसली तर दिल्लीला तिलाच उचलून उतरवावं लागेल. म्हणून जावयानं विमानाची तिकिटं पाठवली. एक आत्याचं, एक सोबतीला म्हणून माझं.

आत्या तिकिटं घेऊन पलूसला आमच्याकडं आली आणि रडायलाच लागली.

"वसंता, लेकीसाठी जीव तुटतोय रं माजा! पर त्ये इमान भुई सोडतंय न्हवं, त्याच वक्ताला माजं काळीज बंद पडंल बघ. मी न्हाई बसायची!"

"आत्या, अगं सवय नाही म्हणून भीती वाटते. मी तुला इथंच उडायची सवय करून देतो की!"

बोलून तर बसलो. आता मला सांगा, मी तरी विमान कुठं पाहिलं होतं? आभाळात. तेही बोटाएवढं.

गावात विमानात बसलेला माणूस एकच, धोंडिबा हवालदार. पलटणीतून पेन्शनीत आलेला. मी त्याच्या ओसरीवर जाऊन बसलो.

"हवालदार, तुमी इमानात बसलाय न्हवं?"

"लय येळा!" हवालदारानं मिशीवर हात फिरवला. "लिवून घे, सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. आधी इंजिन घरघरतं, मग सगळा सांगाडा थरथरतो, दात दातावर आपटतात. मग वेग. मग नाक वर. पोट खाली राहतं आणि माणूस वर जातो. बसायला कडेनं लांब बाकडी. डोक्यावर एक तार, तिला कडी अडकवायची. तांबडा दिवा लागला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं. हिरवा लागला की दाराकडं.

"उभं का राह्यचं?"

"हुकूम!"

मी मनात म्हटलं, बरोबर आहे. एसटीत नाही का, गाव जवळ आलं की लोक पिशव्या घेऊन दाराशी उभे राहतात? तांबडा म्हणजे गाव आलं, हिरवा म्हणजे उतरा. आणि तार असणार पिशवी अडकवायला. किती छान सोय! असा मी हुशार.

आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. उसाच्या चरकाचं ते डिझेल इंजिन सुरू झालं की शेजारच्या रानातली पाखरं उठायची. इंजिनाला खेटून बैलगाडी उभी केली. चाकांना दगड लावले. एक जाड फळी इंजिनाच्या पायापासून गाडीच्या साट्याखाली अशी ठोकली, की सगळी थरथर गाडीत चढावी. वर पोत्याचं छप्पर, आत दोन बाकडी, डोक्यावर तार, आणि दुकानातली बॅटरी लावून एक तांबडा आणि एक हिरवा दिवा. जूला दोर बांधला आणि आंब्याच्या फांदीवरून खाली आणून हवालदाराच्या हातात दिला. दोर ओढला की जू वर, गाडी मागं कलून उलार, आणि आत्या आभाळात!

पहिल्या दिवशी आत्या पदर डोळ्यांवर ओढून बसली. मी इंजिनाचा वेग वाढवला. गाडी थडथडायला लागली. मी ओरडलो, "हवालदार, नाक!"

हवालदारानं आपली सगळी पलटण पाठीशी असल्यासारखा हिसका दिला. गाडी एकदम उभी! आत्या बाकावरून घसरली ती मागच्या बाजूनं थेट चिपाडाच्या ढिगावर. मी धावलो. हवालदार मात्र टाळ्या पिटत होता.

"शाब्बास! पाय कशे जुळवून पडल्या बघा! धा-बारा वर्सं सराव केल्यागत!"

बिचारा तिला धीर देतोय, असं मला वाटलं. तुम्हाला आत्ताच काहीतरी संशय आला ना? मला नाही आला.

त्यानंतर आम्ही उड्डाण सुधारत नेलं. वेग हळूहळू, नाक त्याहून हळू. दोराला आणखी एक वेढा दिला, तसा हिसका गेला. सुरुवातीला आत्या डोळे मिटायची, मग एक उघडायला लागली, मग दोन्ही. आणि आठवडा संपता संपता बाई आमच्याच चुका काढायला लागली!

"आज काय मजा न्हाई आली वसंता. इंजन तापायच्या आदीच नाक उचाललंस. पुन्यांदा उडीव!"

पुन्हा उडवलं. तांबडा दिवा लागला, आत्यानं पिशवी तारेला अडकवली आणि उभी राहिली. हिरवा लागला, पिशवी काढून दाराशी गेली आणि टुणकन उतरली. गुळाच्या काहिलीपाशी बसलेल्या गड्यांनी टोप्या उडवल्या. खरं सांगतो, आत्याच्या तोंडावरचं हसू बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग तो दिवस आला. मुंबईचा विमानतळ. आत्या नऊवारी खोचून ताठ चालत होती. मी मागून.

आत शिरलो तर बाकडी कडेला नाहीत, सगळ्यांची तोंडं पुढं. तारही नाही. आत्यानं पिशवी हातात धरून छताकडं बराच वेळ पाहिलं. "आपल्याला हलकं इमान दिलंय रं," ती माझ्या कानात म्हणाली.

विमान धावायला लागलं. आणि मला एक गोष्ट तेव्हा कळली, की गुऱ्हाळावर आत्या रोज उडत होती, मी मात्र एकदाही गाडीत बसलो नव्हतो! मी आपला बाहेर इंजिनापाशी. माझी दातखीळ बसली. आत्याचा दंड मी असा आवळला की तिच्या बांगड्या वाजल्या.

आत्या शांत. कान देऊन ऐकत होती.

"इंजन तापलं... आता येग धरला... आता नाक उचालंल बघ... उचाललं! झ्याक! डायवर शिकल्याला हाय."

मग वळून म्हणाली, "वसंता, डोळं उघड. एक तरी उघड."

दिल्ली जवळ आली. टिंग असा आवाज झाला आणि समोर तांबूस अक्षरं पेटली. आत्या ताडकन उठली. आणि मीही उठलो! शिकवणारा गुरू मीच ना! मी पिशवी घेतली आणि शेजाऱ्यालाही सांगितलं, "उठा, गाव आलं." आम्हाला बघून मागचे दोघेतिघेही उठले.

हवाईसुंदरी धावत आली. "माँजी, बैठिए! विमान अभी हवा में है!"

"व्हय की! म्हून तर उतरायला हुबं ऱ्हायलोय," आत्या दाराशी जाऊन ठाम उभी. "हिरवा लागूं द्या, मग निगतो."

त्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात पहिल्या रांगेतले मिशीवाले एक गृहस्थ उठले. लष्करातले मराठी साहेब. हसू दाबायला रुमाल तोंडावर धरलेला.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं हो?"

"आमच्या गावच्या हवालदारांनी," मी छाती काढून सांगितलं. "लय वेळा विमानात बसलेत!"

"छत्रीवाल्या पलटणीतले असतील. अहो महाराज, तांबड्याला उभं राहायचं, तारेला कडी अडकवायची, हिरव्याला दारातून बाहेर... ही पॅराशूटची छत्री घेऊन विमानातून उडी मारायची कवायत आहे! इथं तांबडं पेटलं की खाली बसून पट्टा बांधायचा!"

मी आत्याला ओढून खाली बसवलं आणि स्वतः तिच्या मांडीत तोंड घातलं. चाकं जमिनीला आपटली तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो, की साहेबांनी रुमाल सोडून दिला आणि मोकळेपणानं हसून घेतलं.

घरी पोचल्यावर कुसुमनं पडल्यापडल्याच विचारलं, "आई, घाबरली नाहीस ना गं?"

आत्यानं तिच्या कपाळावरून हात फिरवला. "मी कशापायी भ्यू? आदी ह्येला पानी पाजाय पायजे. चढाय शिकिवतोय, पर उतराय शिकल्याला न्हाई त्यो."

मी रेल्वेनं परत आलो. उतरल्या उतरल्या तडक हवालदाराची ओसरी गाठली.

"हवालदार, उतरायचं का न्हाई सांगितलं?"

"आता काय बोलावं तुला! मी इमानात चढलोय लय येळा. पर इमानासंगं खाली कवा आलोय? ठावंच न्हाई मला!"

कुसुमला मुलगी झाली. मायलेकी खणखणीत. बाळ हसायला लागल्यावर आत्या परतली. एकटी. विमानानं! रहिमतपूरला न जाता आधी पलूसला आली आणि मला थेट मळ्यात घेऊन गेली.

"बस गाडीत. आज उतरायचा सराव."

"आत्या, लोक बघतायत गं!"

"बगूं देत. बस!"

बसलो. काय करणार? गुऱ्हाळ सुरू नव्हतं, पण अर्धं गाव चिपाडावर येऊन बसलेलं. हवालदारानं जू वर धरलं होतं. बॅटरीपाशी आत्या. तिनं बटण दाबलं आणि डोक्यावरचा तांबडा दिवा लागला.

मी पिशवी घेऊन उठून उभा राहिलो.

"आरं, बस की खाली!" अख्खं पलूस ओरडलं.