मामांची एका पायानं जाड चप्पल

"अबे, माही चप्पल कोनं नेली बे!" मारुतीच्या देवळाच्या पायरीवरून मामा असे ओरडले की मेहकरात निघालेला तो आवाज लोणारच्या सरोवरात घुमून परत आला. चपलेच्या सोल्यूशनचा वास आला की मला अजून तो ऐकू येतो, कारण डाव्या चपलेला दोन बोटं जाड रबर चिकटवलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. अपघातानंतर मामांचा डावा पाय आखूड राहिला होता. चालताना कंबर डावीकडे कलायची आणि भार पडायचा उजव्या, धडधाकट पायाच्या खुब्यावर. गल्ली संपेपर्यंत तो जुन्या फाटकासारखा करकरायचा. जाड चपलेनं कंबर सरळ झाली होती, आणि त्या दिवशी माझ्या भावाच्या लग्नात घोड्यापुढे मांडवापर्यंत चालत जायचंच, असा मामांचा हट्ट होता. "आता काय मले खाटेवर नेता?" ते कळवळले. मी वरातीत घुसलो. पुढे एक पाहुणा दर पावलाला डावी कंबर उडवत चालला होता, आणि हा नवा नाच समजून सगळी वरात, बँडवाले, इतकंच काय घोडासुद्धा तसाच लचकत होता. मी त्याच्या पायातली चप्पल काढून आणली आणि मामा मांडवापर्यंत ताठ चालले. घोड्याचं कोणी खरं मानत नाही, पण पुढचं तरी माना. पंगतीत मी त्या पाहुण्याला विचारलं, "काऊन हो पाहुणे, कंबर एकीकडून वर जाऊन राह्यली होती, तुमाले समजलं नाही?" "समजलं ना," तो म्हणाला, "म्हटलं, रस्ताच असा हाय."