काळं पापलेट

आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. सासऱ्यांपर्यंत भिक्षुकी, हे वकील, मी शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक. अमरावतीतल्या आमच्यासारख्या घरांत हा विषय निघतच नाही. त्याला विरोधसुद्धा करावा लागत नाही. सून अलिबागकडची आली तेव्हा एवढंच गृहीत धरलं, की ती दोघं पुण्याला राहतात, तिथे काय खायचं ते खावं. मी कधी विचारलं नाही, मुलाने कधी सांगितलं नाही.

मुलगा दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेला. चौतीस वर्षांचा होता. त्या आठवड्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही.

तेरावा झाल्यावर सुनेला आम्ही अमरावतीला घेऊन आलो. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, वडील थकलेले, वाढवलं आत्याने. पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये ती एकटी काय करणार होती? मी कामाला लागले. यादी केल्याशिवाय मला चालता येत नाही. बँक, विमा, वारसाचा दाखला, फ्लॅट रिकामा करणं, त्याची मोटारसायकल विकणं. एकेक काम उरकत गेले आणि एकेकावर काट मारत गेले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मला थांबायची भीती वाटत होती एवढंच.

फक्त एका कामावर काट मारता येईना. पोरगी जेवत नव्हती.

ताटावर बसायची. भात कालवायची, दोन घास घ्यायची, मग बोटांनी ताटात रेघा ओढत आमचं जेवण होईपर्यंत बसून राहायची. मी पातोडीचा रस्सा केला, भरली वांगी केली, डाळभाजी केली. ती 'छान झालंय, आई' म्हणायची आणि ताट तसंच उचलायची. कुर्ते खांद्यावरून ओघळायला लागले. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, ते मात्र वेळच्या वेळी घ्यायची. सांगितलेलं सगळं ऐकायची ती. जेवणच तेवढं जात नव्हतं.

एक दिवस तिच्या आत्याचा फोन आला. मी सरळ विचारलं, "अहो, हिला आवडतं तरी काय?"

"मासे. आमच्या पोरीला दुसरं काय आवडणार? पण आता ते नका विचारू, ताई. तिने सोडलेत."

"सोडलेत म्हणजे?"

आत्या जरा घुटमळली. तिचा स्वतःचा नवरा गेला तेव्हा तिनेही मासे सोडले होते. त्यांच्या गावच्या जुन्या बायका सोडतात. "तेराव्याला मला म्हणाली, आत्या, मीपण सोडले. मी म्हटलं, अगो, तो आमचा काळ होता, तू शिकलेली बाई. पण ऐकेल तर ना!"

फोन ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला राग आला. ज्या घरात मासा येतच नाही त्या घरात बसून तिने तो सोडला होता, आणि आम्हाला कुणाला पत्ताही नव्हता. आमचा रोजचा स्वयंपाक, ज्याचा मला एवढा अभिमान, तो तिच्यासाठी विधवेचं ताट झाला होता.

संध्याकाळी यांना म्हटलं, "मी घरात मासे आणणार आहे."

यांनी पेपर खाली घेतला. "कोण खाणार?"

"ती."

"खाते म्हणाली?"

"नाही."

यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "देवघराला लागून नको. मागच्या अंगणात शेगडी मांडून देतो." आणि उठून त्यांनी छोटं सिलिंडर मागे नेलंसुद्धा.

मासळी आमच्या इतवारा बाजारातही मिळते, पण तिथे वकिलांच्या बायकोला अर्धं गाव ओळखतं. अकोल्याला माझं शाळेच्या कामाने जाणं व्हायचंच. शिवाय अकोला मुंबईच्या मुख्य लाइनवर, समुद्राचा माल तिथे चांगला मिळतो असं ऐकलं होतं. थर्माकोलची पेटी घेतली, प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या, जुनी वर्तमानपत्रं घेतली आणि गेले.

विकणारी बाई माझ्याच वयाची. मला पाहून म्हणाली, "कदी मासोया घेतल्या नाई वाटते तुमी?"

"कशावरून?"

"नाकाले पदर लावून कोनी मासोया घेते का वो माय?"

शेजारची खुदकन हसली. मी पदर खाली घेतला. "पापलेट द्या."

"हे पांढरं पापलेट, हे काळं पापलेट. दोन्ही चांगले हायेत. कोनतं देऊ?"

दोन्ही बर्फावर शेजारी शेजारी होते. दोन्ही चपटे, दोन्हींचा आकार पतंगासारखा. पांढरं चकाकत होतं. मी त्याला बोट लावलं तर बोटाला चांदी आली.

"याचा रंग निघतोय," मी म्हटलं.

"रंग नाई तो. तसंच असते ते."

"हाताला लागला ना माझ्या!"

"बाप्पा! मासोईले रंग देऊन मी काय तिले लग्नात नेऊन राहिली?"

आता आसपासचे सगळेच हसायला लागले. पण मी पॉलिश केलेली तुरीची डाळ ओळखणारी बाई. सफरचंदावरचं मेण नखाने खरवडून दुकानदाराला दाखवलेलं आहे, हिरवा रंग दिलेले वाटाणे परत केलेले आहेत. काळ्याला बोट लावलं. राखाडी, तपकिरीकडे झुकणारा रंग, अंग घट्ट, हाताला काही लागेना. ते मला प्रामाणिक वाटलं. "काळं द्या," मी म्हटलं.

"घ्या. तुमची मर्जी."

येताना बसमध्ये मूर्तिजापूरच्या अलीकडे मागचा एक जण ओरडला, "काय भरलं हाय बे कोनी थैलीत? बस धुवा लागन आता!" सगळे माना वळवून बघायला लागले. मीही वळून बघितलं.

मागच्या अंगणात पेटी उघडली आणि तिला हाक मारली. ती आली, थबकली.

"हे काय, आई?"

"पापलेट."

ती खाली वाकली. किती दिवसांनी तिने एखाद्या गोष्टीकडे नीट पाहिलं होतं! मग हळूच, माझं मन दुखवू नये अशा बेताने म्हणाली, "आई, हा हलवा आहे."

हलवा म्हणजे आम्हाला संक्रांतीचा ठाऊक. "ती बाई काळं पापलेट म्हणाली."

"म्हणतात तसं. पण पापलेट वेगळं." तिने मासा शेपटीकडून उचलला. तो असा सहज उचलला, की मला तिचं सगळं माहेर दिसलं. "इथे बोट लावा, शेपटीच्या देठाला. आता डोक्याकडे न्या."

करवतीच्या दातांसारखी बारीक धार बोटाला लागली.

"ही हलव्याला असते. पापलेट इथे गुळगुळीत असतं. आणि ते चांदीसारखं असतं, हाताळलं की बोटं चमकतात."

"चमकली होती. म्हणूनच तर घेतलं नाही. मला वाटलं, रंग दिलाय."

तिने माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. आधी नुसती नाकातून, मग मोठ्याने, मग पोट धरून. धुण्याच्या दगडावर बसून हसत राहिली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. तिने हातात दिलेला ओला मासा धरून मी तशीच उभी. तो कुठे ठेवायचा हे मला कळेना, म्हणून तिच्या पाठीवर हातही ठेवता येईना.

डोळे पुसत ती म्हणाली, "त्यालाही कधी कळलं नाही. आमच्याकडे आला की आत्या मुद्दाम दोन्ही वाढायची. हा म्हणायचा, मला तर बुवा दोन्ही सारखंच लागतं. आत्या कपाळाला हात लावायची."

माझा मुलगा मासे खायचा, हे मला तेव्हा कळलं. हे मागे दारात उभे होते, त्यांनाही तेव्हाच. ते आत गेले.

मासा वाया जाईल म्हणून तिनेच तो साफ केला. हळद, तिखट, चिंचेचा कोळ, वरून तांदळाचं पीठ. कोकम नसल्याबद्दल थोडी कुरकुर केली, तीही मला गोड लागली. तुकडे तळून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "पण मी खाणार नाही, आई. मी सोडलेत."

"ठाऊक आहे. आत्या बोलल्या."

"मग आणले कशाला?"

"मग आता टाकायचे का? आण इकडे. मी खाते."

"तुम्ही?"

मी श्वास रोखून घास घेतला. तेवढ्यात काटा दाताखाली आला आणि मला ठसका लागला. "असं नाही खायचं, थांबा," म्हणत तिने तुकडा स्वतःकडे ओढला आणि मधल्या काट्यावरून मांस अलगद सोडवलं. पांढरे पदर सुटे झाले. "मिठाला बरोबर आहे का?"

"मला काय कळतंय त्यातलं? तू बघ."

तिने एक पदर जिभेवर ठेवला. चावला. "कमी आहे," म्हणाली, वरून चिमूट टाकली, आणि पुन्हा बघितलं. मग आणखी एकदा. मी उठून नळ बंद करायला गेले. नळ बंदच होता.

त्यानंतर बुधवार ठरून गेला. दर बुधवारी जमत नसे, पण जमेल तेव्हा मी अकोल्याला जायची. डोळा स्वच्छ, कल्ले लाल, दाबलं तर खळगा राहू नये, हे शिकले. बोटाला चांदी लागली की आता खुशाल 'हे द्या' म्हणत होते. पापलेट लुसलुशीत, तोंडात ठेवलं की विरतं. हलवा जरा दांडगा, रश्श्यात टिकतो. मी शेवटपर्यंत चमचाभरच खाल्लं, पण ओळखायला शिकले.

ती मासा साफ करता करता बोलायची. पुण्याला तोच मासे साफ करायचा म्हणे, नाकाला रुमाल बांधून. होडीत बसला तेव्हा त्याला उलट्या झाल्या, आणि उतरल्यावर त्याने होडीवाल्याला 'फार मजा आली' असं सांगितलं. मी संध्याकाळी फोन करून 'आज भाजी काय?' विचारायची, तेव्हा तो 'मेथी' म्हणायचा आणि कढईत बांगडा असायचा. बायकोने हसू नये म्हणून तिच्या तोंडावर हात ठेवून मेथी म्हणायचा.

माझ्यासमोर असा माणूस आला, ज्याला मी कधी भेटले नव्हते. थोड्या दिवसांनी मी अकोल्याला तिच्या जेवणासाठी जात होते की या गोष्टींसाठी, ते मलाच सांगता आलं नसतं.

ती भरली. चेहऱ्यावर रंग आला, केस विंचरायला लागली, दुपारी लॅपटॉप उघडून बसायला लागली. मी मनात त्या कामावर काट मारली. पण जेवायला लागलेला माणूस उठून चालायलाही लागतो, हे माझ्या हिशेबात आलं नव्हतं. उन्हाळ्यात अलिबागला नोकरी मिळाली. "आई, जाऊ का?" तिने विचारलं.

"हे विचारायचं असतं का?" मी म्हटलं आणि सामानाची यादी करायला घेतली.

रात्री जेवताना हे म्हणाले, "थांबवायचं होतंस."

"कशाला? आपल्याला रडायला सोबत म्हणून?"

मी बोलले ते खरं होतं, पण यांनी म्हटलं तेही माझ्या मनातलंच होतं. तिला बडनेऱ्याला गाडीत बसवलं, बॅगा मोजून दिल्या, पाण्याची बाटली हातात दिली. गाडी हलली तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून तिकिटाचा फोटो मोबाइलमध्ये नीट आहे ना ते बघत होते.

ती रोज फोन करायची. त्याच्या गोष्टी चालूच होत्या, आता फोनवर. मग यंदा दिवाळीनंतर एकदा फोन आला तो वेगळ्या आवाजात. आत्याने एक स्थळ आणलं होतं. तिथल्याच शाळेत शिक्षक, त्याचीही पत्नी गेलेली. "आई, तुम्ही म्हणाल तसं."

"माणूस कसा आहे?"

"शांत आहे. चांगला आहे."

"तुला आवडला?"

"हो."

"मग हो म्हण. आणि एक सांगते. तिथे गेल्यावर माझ्या मुलाबद्दल फार बोलू नकोस. त्यांना माहीत असलं तरी. सारखं कानावर आलं की समोरच्याला आपण परके वाटायला लागतो."

ती म्हणाली, "मग कुणाशी बोलू?"

"माझ्याशी बोल. पण रोज नको."

ती माझं सगळं ऐकते, तसं हेही तिने ऐकलं. लग्न झालं, आम्ही साडी पाठवली. आता तिचा महिन्याकाठी एखादा फोन येतो. यांच्या गुडघ्याचं विचारते, माझ्या रजेचं विचारते. आनंदात आहे, आवाजावरून कळतं. आमच्या मुलाचा विषय ती काढत नाही, आणि मीही काढत नाही, कारण एकदा काढला तर मला थांबता येणार नाही.

परवा फोन ठेवल्यावर यांनी विचारलं, "त्याचं काही बोलली का?"

"नाही."

"विसरली वाटतं."

मी ताटं घ्यायला आत गेले. विसरली नाही, मीच तिला नको म्हटलंय, हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.