साडेचार फेऱ्या बाकी

औट गुरुजींना कुणी ‘कसे आहात?’ असं विचारलं, तर ते कधीही ‘बरा आहे’ म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, ‘पाऊण.’ सर्दी झाली असेल तर ‘अर्धा’. विचारणाऱ्याने रीत म्हणून विचारलेलं असायचं. तो बिचारा भाजीची पिशवी सावरत उभा राहायचा आणि गुरुजी छातीवर हात ठेवून, नीट अंदाज घेऊन, मग उत्तर द्यायचे. माझ्या बाबांनी एकदा विचारलं, ‘गुरुजी, तुम्ही पूर्ण बरे कधी असता हो?’ गुरुजी म्हणाले, ‘पूर्ण बरा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. तुम्हीसुद्धा नाही.’ त्या दिवशी बाबा दुकानातल्या आरशात चार वेळा जीभ बाहेर काढून बघत होते.

पनवेलच्या मराठी शाळेत ते चौथीला गणित शिकवायचे. औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळेच गुरुजी घोकून घेत. पण औटकीवर यांचा विशेष जीव, त्यावरूनच हे नाव. ‘एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा’ सुरू झालं की त्यांचे डोळे मिटायचे, जसे काही लोकांचे आरतीत मिटतात. जूनमध्ये वर्ग भरला की पहिल्या दिवशी ते सुतळी घेऊन प्रत्येकाची उंची मोजत आणि ती सुतळी त्याच्याच हाताने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, मापायला लावत. जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर औट हात यायचं. ‘बघा,’ ते म्हणायचे, ‘कलेक्टर असो की मिठागरावरचा माणूस, आपापल्या हाताने प्रत्येक जण औटच.’ माझी सुतळी सगळ्यांत आखूड निघाली, म्हणून त्यांनी माझं नाव नवटाक ठेवलं. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. घरी जाऊन मी रडले, तर आई म्हणाली, ‘त्याच्या निम्मं छटाक, ते नाही म्हणाले ना? मग झालं तर.’

त्यांचा स्वतःचा हात बरोबर अठरा इंच होता आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! ‘देवाने मला सरकारी मापाचा हात दिलाय,’ असं ते नव्या माणसाला ओळख होताच सांगत. त्या हाताने मापून त्यांनी बाभळीची एक काठी केली होती. दोन हात लांब, म्हणजे बरोबर एक गज. हीच काठी ते फळ्यावर बोट दाखवायला वापरत, हिनेच जमीन मोजत आणि हीच टेकत रस्त्याने चालत. तळ्याकाठी चहाचं दुकान चालवणाऱ्या हसनचाचांनी एकदा प्रेमाने सांगितलं, ‘गुरुजी, काठीला खालून लोखंडाची टोपी बसवून देतो. जिंदगीभर झिजणार नाही.’ गुरुजी दचकले. ‘टोपी घातली की माणसाचीसुद्धा उंची बदलते, चाचा. माझं माप बिघडेल.’

कुणाच्या घरी दुखवट्याला गेले तरी त्यांचं हेच. ‘किती वय होतं?’ असं विचारायचे. घरचे म्हणत, ‘असतील साठ-बासष्ट.’ ‘साठ, की बासष्ट?’ गुरुजी हळूच विचारत, आणि रडणारी माणसं रडायची थांबून बोटांवर वर्षं मोजायला लागत. आमच्या आळीत मात्र लोकांना हे आवडायचं. तेवढाच जरा दम मिळतो, असं म्हणत.

शाळेमागे तळं होतं. गुरुजींची शिक्षा म्हणजे त्या तळ्याला फेरी. गणिताची रीतच चुकली तर पूर्ण फेरी. रीत बरोबर आणि उत्तर चूक असेल तर अर्धी. नुसतं शून्य लिहायचं राहिलं तर पाव. शाळेच्या पायरीपासून निघालं की पिंपळापाशी पाव फेरी व्हायची, धोब्याच्या दगडापाशी अर्धी, हसनचाचांच्या दुकानापाशी पाऊण. अपूर्णांक आम्ही डोक्याने नाही, पायांनी शिकलो. ओव्याहून रोज चालत येणारा बाळाराम ठाकूर तर इतक्या फेऱ्या मारायचा की हसनचाचा त्याच्यासाठी पाण्याचा पेला भरूनच ठेवत. ‘गुरुजी,’ तो एकदा कळवळून म्हणाला, ‘आमी घरून येतानाच धा फेऱ्यांएवढा चालून येतो. त्याच वजा करा ना!’ गुरुजींना ही वजाबाकी इतकी आवडली की त्यांनी त्याला त्या दिवसापुरती माफी दिली.

दरवर्षी संक्रांतीनंतरच्या शनिवारी चौथीचा वर्ग त्या काठीने तळ्याचा घेर मोजायचा. एकाने काठी टाकायची, दुसऱ्याने खडूने खूण करायची, बाकीच्यांनी एका सुरात मोजायचं. आकडा वर्गाच्या भिंतीवर चुन्याने लिहिला जायचा. पहिल्या वर्षी बाराशे साठ काठ्या. दुसऱ्या वर्षी साडेचारने जास्त. तिसऱ्या वर्षी पुन्हा साडेचारच्या आसपास. आमच्या वर्षी, म्हणजे नवव्या खेपेला, बाराशे शहाण्णव! तळं वाढत होतं. गुरुजींनी बावीस सप्तमांश वापरून काढलं होतं की घेर एवढा वाढतो म्हणजे काठ दरवर्षी सुमारे पाऊण काठी पुढे सरकतो. शाळा साठ काठ्यांवर. साठ भागिले पाऊण, बरोबर ऐंशी. ‘ऐंशी वर्षांनी तळं चौथीच्या वर्गात शिरेल,’ गुरुजी म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी पाय बाकावर घेतले.

‘पण गुरुजी,’ बाळाराम म्हणाला, ‘पानी तं तल्याच्या त्याच पायरीला हाय. आमी रोज बघतो.’

‘डोळ्यांवर विश्वास ठेवायचा तर गणित कशाला शिकायचं?’ गुरुजी म्हणाले.

‘आन् काठचं दगड? ते बी वाढतात का?’

‘दगड वाढत नाहीत. दगडांमधल्या फटी वाढतात.’

हसनचाचांचं दुकान काठापासून बारा काठ्यांवर होतं. त्यांनी काळजीने विचारलं, ‘माझ्या दुकानात पाणी कवा येणार, तेवढा हिसाब करून द्या.’ बारा भागिले पाऊण, सोळा वर्षं. चाचांनी क्षणभर विचार केला. ‘सोळा? मग ठीक आहे. तोवर पोरींची लग्नं होतील,’ असं म्हणाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बिस्किटांच्या बरणीशेजारी मासे धरायचे गळ विकायला ठेवले. आगाऊ तयारी असावी म्हणून.

हे सगळं गावातल्या गावात राहिलं असतं तर ठीक होतं. पण गुरुजींच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते आणि जाण्याआधी शाळा वाचवायची असं त्यांनी मनावर घेतलं. त्यांनी वर अर्ज पाठवला: ‘तळे शाळेच्या दिशेने दरवर्षी पाऊण काठी चालून येत आहे, तरी वेळीच बंदोबस्त व्हावा.’ सोबत नऊ वर्षांचे आकडे. उत्तर आलं. तपासणीला शाळाखात्याचे दिपोटीसाहेब स्वतः येणार, आणि येताना नवी मीटरपट्टी आणणार. नवे पैसे नुकतेच आले होते, आता मापंही बदलायची होती. गुरुजी नवा कोट शिवायला कापड घ्यायला आमच्या दुकानात आले, बाबांशी तळ्याबद्दल तासभर बोलले आणि काठी गल्ल्याला टेकवून तशीच विसरून गेले.

मी खेळ म्हणून ती काठी बाबांच्या कापड मोजायच्या लोखंडी गजाशेजारी ठेवली. काठी एक इंच कमी होती.

मी पुन्हा ठेवली. उलटी करून ठेवली. कमी ती कमीच. खालचं टोक रस्त्याच्या खडीवर घासून गुळगुळीत झालं होतं, म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखं. आठ वर्षांत एक इंच, म्हणजे दरवर्षी नवटाक इंच. तळं जिथल्या तिथे होतं. साहेब पट्टी घेऊन येणार, सगळ्यांसमोर मोजणार आणि सगळं गाव आमच्या गुरुजींना हसणार. तेही जायच्या वेळी.

मी धावत जाऊन बाळारामला गाठलं. म्हटलं, ‘आपण काठीला खाली एक इंचाचा तुकडा चिकटवू या.’ ज्या मुलाला पाव आणि पाऊण यांतला फरक कळायला वर्ष लागलं होतं, तो बाळाराम डोकं खाजवत म्हणाला, ‘आन् मग उद्या तलं छत्तीस काठ्या कमी भरंल. साहेब इचारंल, एका दिवसात पानी गेला कुठं? तवा काय सांगशील? म्हशींनी पिला?’

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी काठी आणि गज दोन्ही घेऊन गुरुजींपुढे उभी राहिले. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. गुरुजींनी पाहिलं. मग खडू उचलला. बाराशे शहाण्णव गुणिले पस्तीस, भागिले छत्तीस. खाली उत्तर आलं: बाराशे साठ. पहिल्या वर्षीचा आकडा, काठीभराचाही फरक नाही.

‘बरोबर आलं!’ ते ओरडले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, यांना झालं काय ते कळलेलंच नाही. ‘नवटाक, बघ, नऊ वर्षं पोरांनी एक काठी चुकवली नाही! सगळ्यांनी बरोबर मोजलं. मी सोडून.’ आणि मग ते खुर्चीवर बसले. डोळ्यांना त्यांनी खडूचा हात लावला, त्यामुळे पापण्या पांढऱ्या झाल्या. आजही ते आठवलं की मला वाटतं, मी गप्प बसायला हवं होतं. आणि लगेच वाटतं, मग ते आपले गुरुजी कसले!

साहेब आले तेव्हा गुरुजींनीच पुढे होऊन सांगितलं, ‘अर्ज चूक आहे. तळं वाढलेलं नाही, काठी झिजली. माप न तपासता मी आठ वर्षं मोजत राहिलो.’ साहेब भला माणूस. त्यांना हसू आवरेना, पण म्हणाले, ‘असू द्या हो गुरुजी, अर्ज मी परत देतो.’ गुरुजी म्हणाले, ‘आमच्या वर्गात असू देत नाहीत. पहिलं वर्ष बरोबर, पुढची आठ चूक. आठ फेऱ्या.’ आणि नव्या कोटासकट ते पायरी उतरून चालू लागले.

‘गुरुजी!’ बाळाराम मागून ओरडला. ‘रीत बरोबर हाय तुमची! अर्धीच फेरी लागते! आठाच्या चारच होतात!’

गुरुजी थांबले. त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. ‘हिशेब बरोबर आहे, बाळाराम. पण माप न तपासणं ही रीतच चूक.’

छत्तीस मुलं, साहेब आणि हसनचाचा, सगळे त्यांच्यामागे निघालो. साहेब मीटरपट्टी खांद्यावर घेऊन दीड फेरी चालले आणि मग एस.टी.ची वेळ झाली म्हणून हात जोडून गेले. तिसऱ्या फेरीला गुरुजींना धाप लागली. चौथ्या फेरीत धोब्याच्या दगडापाशी ते खाली बसले. चाचांनी पाणी आणलं. ‘कैसे हो, गुरुजी?’ असं चाचांनी विचारलं, तर छातीवर हात ठेवून, नीट अंदाज घेऊन गुरुजी म्हणाले, ‘पाव.’ मग आमच्याकडे वळून, ‘किती झाल्या?’

‘औट,’ आम्ही म्हणालो.

त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. वर्गात परतल्यावर त्यांनी भिंतीवरचे आठही आकडे खोडले आणि खाली लिहिलं: साडेचार फेऱ्या बाकी.

मे महिन्यात त्यांची मुलगी त्यांना पेणला घेऊन गेली. डॉक्टरांनी चालणं बंद केलं होतं. जाताना त्यांनी काठी वर्गातच ठेवली. ‘पावसाळा संपला की येतो,’ म्हणाले. ‘आल्याशिवाय सुटका नाही, बाकी आहे ना.’ दिवाळीनंतर शाळेत त्यांच्या मुलीचं कार्ड आलं. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याचं, ते वाचायच्या आधीच कळतं. आम्ही तेव्हा पाचवीत होतो. शाळा सोडून दिली, पण घरी कुणी गेलं नाही. बाळाराम चौथीच्या वर्गात जाऊन ती काठी घेऊन आला आणि पाटीवर काहीतरी करत बसला. त्याने दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा मांडलं. मग पाटी वर धरली.

‘साडेचार भागिले छत्तीस,’ तो म्हणाला. ‘परतेकी एक अष्टमांश. परतेकी नवटाक.’

बाळारामने उभ्या आयुष्यात बरोबर सोडवलेलं ते पहिलं अवघड गणित. आम्ही गुरुजी थांबले होते त्या धोब्याच्या दगडापासून सुरुवात केली. एकाने नवटाक फेरी चालायचं आणि काठी पुढच्याच्या हातात द्यायची. उंचीप्रमाणे रांग होती, त्यामुळे शेवटी मी आले. हसनचाचांच्या दुकानाच्या थोडं पुढे बाळारामने, उंच असून माझ्यासाठी मागे राहिलेल्या बाळारामने, काठी माझ्या हातात दिली. मी गुरुजींसारखी ती टेकत निघाले. दोन पावलं गेले असेन, आणि थांबले.

मग मी ती उचलली आणि बाळाला घेतात तशी दोन्ही हातांवर आडवी धरली. शाळेच्या पायरीपर्यंत मी तिला जमिनीला लागू दिलं नाही.