चकचकीत नळी

गेल्या रविवारी अकोल्याला नेमबाजीची एक मॅच होती, आणि ती मी घालवली. विशेष म्हणजे मी खेळत नव्हते.

खांद्यामुळे माझं स्वतःचं खेळणं सुटून चार वर्षं झाली. आता अमरावतीच्या आमच्या क्लबची पिस्तुलं साफ करायचं काम माझ्याकडे आहे. आठवडाभर वीज ऑफिसात लोकांची बोलणी खायची आणि शनिवारी दुपारी क्लबच्या टेबलाशी जाऊन बसायचं... तेवढे दोन तास कुणी माझ्याशी वाद घालत नाही.

पॉइंट टू-टूच्या गोळ्या दिसायला एवढ्याशा, पण घाण फार करतात. मेण, शिसं, काजळी, सगळं आत साचतं. मॅगझिन काढायचं, आत गोळी नाही ना हे दोनदा बघायचं, मग एकेक भाग सोडवून पांढऱ्या कपड्यावर डावीकडून उजवीकडे मांडायचा. जोडताना उजवीकडून परत यायचं. माझ्या हातून आजवर एकही स्प्रिंग उरलेली नाही, आणि हे मी न विचारता सगळ्यांना सांगते.

एक नियम मात्र आहे. मॅचच्या तोंडावर पिस्तुलाची नळी घासायची नाही. गोळीवरच्या मेणाचा एक पातळ थर नळीत बसलेला असतो, तो राहू द्यायचा. तो काढला की पहिल्या पंधरा-वीस गोळ्या आपल्या मनाने सरकत जातात. पंचवीस मीटरवर एवढा फरक पडत नाही असं म्हणणारे आहेत, पण आमच्या जुन्या पिस्तुलाला पडतो. मी स्वतः मारून पाहिलंय.

आणि तरीही शनिवारी मी नळीत ब्रश घातला. का, तर उजेडाकडे धरून पाहिल्यावर एक काळी रेघ दिसली आणि मला ती बघवेना. घासून घासून आरशासारखी केली. फोटो काढून क्लबच्या ग्रुपवर टाकला, अठरा अंगठे आले... अति तिथे माती म्हणतात, ती अशी.

त्या पिस्तुलाने दुसऱ्या दिवशी प्रज्ञा खेळणार होती. प्रज्ञा मूर्तिजापूरला सरकारी नोकरीत आहे, दर शनिवारी सरावाला अमरावतीला येते. मागच्या वर्षी स्कूटीवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातावरचा विश्वास काही परत आला नाही. या मॅचमध्ये पुढच्या स्पर्धेसाठी निवड झाली तर खेळायचं, हात थरथरला तर कायमचं सोडायचं, असं तिने ठरवलं होतं. हे मला माहीत होतं.

सुरुवातीच्या पाच गोळ्या अंदाज घेण्यासाठी असतात, त्या मोजत नाहीत. मी मागे खुर्चीवर बसून दुर्बिणीतून बघत होते. पाचही डावीकडे खाली. तिने नेम जुळवायला साइटचे क्लिक फिरवले. मोजायची मॅच सुरू झाली आणि गोळ्या वर सरकल्या. तिने परत क्लिक फिरवले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नळी... काल मी धुऊन काढलेली नळी आता हळूहळू मेण धरून परत बसत होती, आणि ही पोरगी तिच्या मागे धावत होती. मॅच चालू असताना ओरडून सांगता येत नाही. मी आपली पदर पिळत बसले.

पाच-पाच गोळ्यांच्या तिसऱ्या सिरीजनंतर गोळ्या जागेवर आल्या, पण तोवर ती खचली होती. तीन गुणांनी निवड हुकली.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली ती बूट काढत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "झालं ताई. हात गेला माहा. आता नाई खेळत मी."

खरं सांगते, एक क्षण मी गप्प बसायचा विचार केला. कुणालाच कळलं नसतं. माझी क्लबातली अकरा वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती.

मग मी तिच्या टार्गेटचे कागद पुढे पसरले. म्हटलं, "हात थरथरला की छिद्रं विखुरतात. तुझी बघ, एकेका सिरीजला एका रुपयाखाली झाकतील. जागा सरकली ती नळीमुळे. काल मी ती घासली."

तिने एकेका छिद्रावरून बोट फिरवलं.

"म्हंजे हात बरा हाये माहा?"

"बरा आहे."

ती रडली. आणि रडून झाल्यावर अशी भडकली की विचारू नका. "तुमाले मालूम होतं ना? मंग ब्रश कावून लावला? फोटोसाठी?" फोटोसाठीच.

परत येताना क्लबच्या सेक्रेटरींच्या गाडीत ती पुढे बसली, मी मागे. मूर्तिजापूर आलं. उतरल्यावर माझ्या खिडकीशी आली. "शनिवारी येईन मी. पिस्तूल मी उघडीन. तुमी निस्त्या बसून पायजा."

तिची निवड माझ्या हौसेपायी गेली, आणि ती मी कशानेही परत देऊ शकत नाही. माफी मागितली, ती तिने अजून दिलेली नाही. पण शनिवारी ती येणार आहे... माझ्यावर चिडून का होईना, येणार आहे. मला तेवढं पुष्कळ आहे.