नको सांगस

“ही पण त्यांच्यातलीच,” मॅडम पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाल्या. आणि दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली. समोर कॅमेरा होता.

मुंबईहून आलेले पाहुणे अंगणवाडीच्या पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. कासा गावाच्या पुढे, आत, डोंगराच्या बाजूचा पाडा. पाड्यावरच्या मुलांना एक वेळचं जेवण मिळायचं ते या पाहुण्यांच्या देणगीतून. म्हणून सगळं सारवून ठेवलेलं. तारपा, आमचं भोपळ्याचं फुंकवाद्य, नवं भात आल्यावर वाजतं; भात अजून पोटरीत होतं. तरी वाजवायला लावला. वाजवणारा म्हातारा कुणाकडे न बघता वाजवत राहिला.

“काहीतरी बोल ना,” मॅडम मला म्हणाल्या. “ऐकू दे यांना तुझं इंग्रजी.”

मी “गुड मॉर्निंग” म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी समाजकार्यात एम. ए. केलेली. संस्थेची कार्यकर्ती. “गुड मॉर्निंग”ला टाळ्या.

मॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. घर बोर्डीला, चिकूची मोठी वाडी. माझी आयस, म्हणजे आई, तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरून टेंपोने त्या वाडीत चिकू काढायला जायची. मी आत पंख्याखाली अहवाल लिहायचे, आयस बाहेर झाडाखाली चिकू निवडायची. मॅडम दोघींनाही ‘अगं’ म्हणायच्या.

लहानपणी मला सरकारी योजनेतून लांबच्या इंग्रजी शाळेत घातलं. वसतिगृहात मी आमच्या वारली बोलीत पाणी मागितलं की मुली हसायच्या. मुलींचं बघून बाईही हसायच्या. मग मी मागणंच सोडलं. तहान लागली तरी गप्प. तेव्हा जी गप्प झाले ती झालेच. लोक त्याला लाजरेपणा म्हणतात.

त्या दिवशी पाहुणे खरे तर एका बाईला बघायला आले होते. तिचं नाव मी लिहीत नाही. भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली असताना तिचं तान्हं मूल गेलं. मूल गेलं हे सगळ्यांना माहीत होतं, कसं गेलं ते तिने फक्त मला सांगितलं होतं. कासाच्या दवाखान्याबाहेर आम्ही जीप भरायची वाट बघत होतो तेव्हा. आमच्या बोलीत. सांगून झाल्यावर पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “कोणाला नको सांगस, बाय.”

मॅडमनी गाडीतून जाताना तिला माझ्याजवळ रडताना पाहिलं. झालं. ‘तिची केस फार स्ट्राँग आहे’ असं त्या ऑफिसात म्हणू लागल्या.

“मॅडम, तिला सांगायचं नाहीये,” मी म्हणाले होते.

“अगं, रडलं नाही कुणी तर देणगी येते का? बाकीच्या पोरांच्या ताटाचा विचार कर.”

मी केला. खूप केला. ताटं खरी होती.

आता त्या बाईला पुढे आणलं. संस्थेने दिलेलं नवं लुगडं, घड्या न मोडलेलं. मॅडमनी मला खूण केली, विचार. मी विचारलं नाही. मग त्यांनीच मराठीत विचारलं, “मूल कसं गेलं ते सांग पाहुण्यांना.”

बाईने त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

“तू सांगितलास काय गो यांना?”

“नाही.”

“मंग नको सांगस.”

“काय म्हणते? ट्रान्सलेट कर,” मॅडम म्हणाल्या.

कॉन्फिडेन्शियॅलिटी. शाळेत मी त्याचं स्पेलिंग पाठ केलं. कॉलेजात व्याख्या लिहिली, मार्क मिळवले. अर्थ त्या पडवीत कळला. आमच्या बोलीत तो दोन शब्दांचा आहे, आणि ती बाई ते दोन शब्द बोलून माझ्याकडे बघत उभी होती.

मी मान वर केली. या वेळी माझी मीच. आणि इंग्रजीत, पूर्ण वाक्यात म्हणाले, “ती म्हणते, सांगू नको. मी सांगणार नाही.”

टाळ्या नाहीत.

मॅडम हसल्या. “लाजतात हो या मुली.” मग त्यांनीच सांगायला घेतलं. दारुडा नवरा. भगताचा अंगारा. भुकेने रडणारं मूल. सगळं मनचं. पण इंग्रजी छान होतं. एक पाहुणी रडायला लागली.

“हे खोटं आहे,” मी म्हणाले. आवाज फार बाहेर आला नाही. तोवर मॅडमनी तारपा पुन्हा वाजवायची खूण केली होती.

बाईला इंग्रजी येत नव्हतं. तिने एवढंच पाहिलं, की मी त्या भाषेत काहीतरी बोलले, मग मॅडम बोलल्या आणि पाहुणी रडली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग आत निघून गेली.

परतताना गाडीत मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या, “आईला सांग, उद्यापासून वाडीत येऊ नको.” मला काढलं, हे वेगळं सांगायची गरजच नव्हती.

आयसने विचारलं, “एवढं काय बोललीस तू?”

“काही नाही सांगितलं.”

“मंग काम कशाला गेलं?”

 

मी दोनदा त्या पाड्यावर गेले. पहिल्यांदा बाईने दार लोटून घेतलं. दुसऱ्यांदा झोपडीला बाहेरून काटकी अडकवलेली होती. भात कापून माणसं भट्टीवर गेली होती. संस्थेच्या पुस्तिकेत माझा फोटो आला. हनुवटी वर केलेला. खाली छापलं होतं, ‘लाभार्थी’.

आता दुसऱ्या संस्थेतून कुणी विचारतं, आमच्यासाठी दुभाष्याचं काम करशील का, तुझं इंग्रजी चांगलं आहे. मी नाही म्हणते. आमच्या पाड्यांवरचं एकही दुःख मी खुर्चीवर बसलेल्यांना इंग्रजीत करून देणार नाही. ज्याला ऐकायचं आहे त्याने आमची बोली शिकावी, खाली जमिनीवर बसावं, आणि नको म्हटलं की उठून जावं.

ते मूल कसं गेलं ते मला माहीत आहे. इथेही लिहिणार नाही. ती बाई मला खोटी समजते. मरेपर्यंत समजेल. समजू दे.

तरी नाही सांगणार.