टाचेची जखम

माझे यजमान कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या घरी यायचे, जेवायचे, झोपायचे. बोलणं मुळात कमी. मधुमेह जुना, त्यामुळे पायांना लागलेलं कळायचंच नाही. नव्या बुटानं टाच सोलली, तीही मोज्याला चिकटलेलं रक्त मी पाहिलं तेव्हा समजली.

पावसाळा सरला तरी जखम भरेना. पाय कापावा लागतो की काय, ही भीती आम्हा दोघांच्या मनात होती, पण बोलत कोणीच नव्हतं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "पायाला रक्त पोचतंय, हाडही चांगलं आहे. पीआरपी करून बघू. तुमचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवायचं. लाल भाग खाली बसतो. वरच्या पिवळ्या पाण्यात प्लेटलेट्स असतात, त्या जखम भरायला मदत करतात. ते जखमेत सोडायचं. खात्री मात्र देत नाही. साखर ताब्यात हवी आणि टाच टेकवायची नाही."

"म्हणजे माझ्याच घरचं मलाच वाढणार म्हणा की," ते म्हणाले.

बाहेर बाकावर एक लग्न ठरलेली मुलगी आईसोबत बसली होती. गालावर मुरमांचे खड्डे होते, त्यांच्यासाठी तिलाही हेच करायचं होतं. यजमान तिला म्हणाले, "तुझा गाल आणि माझी टाच, दोघांना औषध एकच बघ." ती लाजून हसली.

परतताना रिक्षात त्यांनी टाच टेकू नये म्हणून पाय आडवा धरला. मग म्हणाले, "आपली असती तर तिचं लगीन होऊन गेलं असतं."

आमची मुलगी बारशाच्या आधीच गेली होती. सासूबाई तेव्हा कानडीत एवढंच म्हणाल्या होत्या की विसरून जा. त्यानंतर तिचं नाव काढलं जाईल असं काही घरात झालंच नाही. नावही ठेवलेलं नव्हतं.

त्या दिवसांत ते रजेवर होते. मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन पट्टी बदलायची आणि ते छताकडे बघत बोलायचे. मुलीला आपण एकट्यानं उचलून नेलं, समाजाच्या दफनाच्या जागेत कुंपणापाशी ठेवलं, अजूनही अधूनमधून तिथं जाऊन येतो, असं त्यांनी सांगितलं.

"मला कधी का नेलं नाहीत?"

"तू रडली असतीस. मग मला आवरलं नसतं." पट्टी बांधून झाल्यावर म्हणाले, "पाय बरा झाला की दोघं जाऊ."

पीआरपी दोन-तीनदा करावं लागलं. जखमेत आधी लालसर मांस आलं, मग कडा आत सरकू लागल्या आणि एक दिवस पातळ, गुलाबी कातडी धरली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मीही देवापुढे नारळ फोडला. ते कामावर रुजू झाले आणि आमचं बोलणं पुन्हा भाजी-भाकरीवर आलं.

मी आठवण केली की म्हणायचे, "येत्या रविवारी जाऊ." एकदा ड्यूटी निघाली, एकदा पाहुणे आले. मग संक्रांत तोंडावर आली. "गड्ड्याची जत्रा होऊ दे, नक्की जाऊ," म्हणाले. जत्रेच्या आधीच एका सकाळी बूट घालताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्यात दफन करतात. त्यांना त्याच जागेत ठेवलं. नंतर मी धाकट्या दिरांना मुलीची जागा विचारली.

"वैनी, दादालाच ठावं होतं," ते म्हणाले. "आता कुंपण पाडून भिंत घातली. कुटं म्हणून सांगू?"

सोमवारी मी जाते. यजमानांना फुलं वाहते. ओंजळीतली थोडी राखून ठेवते आणि भिंतीच्या कडेनं चालत जाते. वाटेल तिथं ठेवते. बरोबर ठेवली की नाही, हे सांगणारं आता कोणी नाही.