सात घरं फिरलेला चाकू

आमच्या ग्रुपातल्या निम्म्या पुरुषांच्या डाव्या हातावर केस नाहीत. नवा चाकू आला की त्याची धार दाखवायला हे लोक मनगटाच्या वरचे केस तासतात आणि त्याचा फोटो टाकतात. भाजी चिरून दाखवावी असं कुणालाही सुचत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात जावं लागतं, आणि तिथं यांचा पाय फक्त चहाची आठवण करून द्यायला पडतो. फोटोत चाकू नेहमी लाकडी टेबलावर असतो, शेजारी कॉफीचा मग आणि एक वाळकं पान. चाकूचा आणि वाळक्या पानाचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं होतं. "मूड येतो, मॅडम," असं उत्तर आलं.

मी बऱ्हाणपुरात एका शाळेत शिकवते, राजपुऱ्यात राहते आणि मला धारदार चाकू आवडतात. बाईमाणसानं असं म्हटलं की लोक जरा सरकून बसतात. पण मोठ्या कुटुंबात बोथट सुरीनं ढीगभर भाज्या चिरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. वैतागून धार लावायला शिकले आणि त्याची चटक लागली. फोनवर धारेच्या दगडांची माहिती शोधता शोधता या व्हॉट्सअॅप ग्रुपात जाऊन पडले. जळगाव, नाशिक, पुणे, आमचं बऱ्हाणपूर, अशा गावांतली चाकूवेडी मंडळी, आणि त्यांच्यात बाई मी एकटी. पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, "मॅडम, तुमच्या चाकूचं स्टील कोणतं?" मी लिहिलं, "आठवडी बाजारातलं." दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही.

नंतर मात्र जमलं. जळगावचे एक दातांचे डॉक्टर होते, त्यांच्याशी माझी रोज जुंपायची. मी लिहायची, "डॉक्टर, तुमच्या चाकूंनी आजवर कुरिअरच्या खोक्यांपलीकडे काही कापलेलं नाही." ते लिहायचे, "बाई, तुमच्या चाकूला कांद्याचा वास येतो. आमच्या कपाटात त्याला जागा नाही." सगळा ग्रुप दात काढायचा. खोटं कशाला बोलू, शाळेत निघण्याआधी ही भांडणं वाचल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

या सगळ्या बोलघेवड्यांत स्वतः चाकू घडवणारा एकच होता. देडतलाईचा. सरकारी कार्यालयात कायम नोकरीवर कारकून. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटी भट्टी मांडलेली आणि रविवारी तिच्यासमोर तासन्‌तास बसायचा. मुठी अशा सुंदर करायचा की हात लावावासा वाटे. तो आमच्याच जिल्ह्यातला, म्हणून मला ताई म्हणायचा, मी त्याला भाऊ. ग्रुप त्याला उस्ताद म्हणायचा.

एकदा त्यानं एका चाकूचा व्हिडिओ टाकला. भट्टीतून लालभडक पातं काढून ते त्यानं कॅमेऱ्यासमोर आडवं धरलं होतं, मागं संध्याकाळ उतरलेली. मग पातं तेलात बुडवलं आणि भक्कन ज्वाळा उठली. तापलेलं पातं असं बुडवून कडक करतात, त्याला पाणी देणं म्हणतात. ग्रुप वेडा झाला. आगीची चित्रं, टाळ्या, "उस्ताद, जान ले ली". मीही "वा भाऊ" लिहिलं.

आमच्यात फिरत्या चाकूची पद्धत आहे. घडवणारा एक चाकू पाठवतो, तो एकेकाच्या घरी आठवडाभर राहतो, प्रत्येकानं तो वापरायचा, कसा वाटला ते ग्रुपवर लिहायचं आणि कुरिअरनं पुढच्याकडे पाठवायचा. त्यानं हाच चाकू फिरायला काढला. घरं सात, शेवटचं माझं. पहिल्या घरातून आलं, "लोण्यासारखा चालतो." दुसऱ्यानं लिहिलं, "असा चाकू परदेशातही मिळणार नाही." पुढच्यांनी त्यावरही कडी केली. डॉक्टरांनी तर लिहिलं, "उस्ताद, खुर्चीत बसून कागद काळे करायला जन्मलात का तुम्ही?"

सहावं मत आल्यावर त्याचा मला फोन आला. "ताई, मी नोकरी सोडून राहिलो. चाकूच बनवतो आता. घरचीचं डोकं फिरलं आहे, दोन पोरी आहेत म्हणते. पण सहा जण झूठ बोलतील का?"

मी म्हटलं, "आधी माझ्याकडे तर येऊ दे."

"तुमच्याकडून पास झाला की सोमवारी राजीनामा देतो. पक्का."

चाकू आला तेव्हा आमच्या जसोंडीच्या मळ्यातून कच्च्या केळ्यांची पाटी आली होती. तळणीचे काप करायचे होते. मुठीची पकड इतकी छान की मी खूश झाले. पहिली फणी सुरेख चिरली. दुसरीला चाकू साल सोडून सरकायला लागला. तिसरीला मी दाबून कापत होते. पातं उजेडात धरलं तर धारेवर चकाकणारी रेघ दिसली. धार शाबूत असली की ती डोळ्यांना दिसत नाही, दिसली की मेली. मी दगडावर लावून पुन्हा चिरायला घेतलं, पुन्हा तेच झालं. पात्याला पाणी बसलंच नव्हतं. मूठ राजाची आणि पातं पत्र्याच्या डब्याचं.

मग मला पात्यावरचे ओरखडे दिसले. माझ्या दगडाचे मी ओळखते. पण त्यांच्याखाली दुसरे होते, त्यांच्याखाली आणखी, प्रत्येकाचा कल वेगळा. ग्रुपवरचा त्या चाकूचा पहिला फोटो उघडून शेजारी धरला. पातं घासून घासून चांगलंच अरुंद झालं होतं. म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी हीच उठाठेव केली होती.

मी डॉक्टरांना फोन लावला. "खरं सांगा, तुमच्याकडे धार टिकली का?"

ते हसले. "बाई, टोमॅटोसुद्धा पुरते झाले नाहीत. आमच्या सौंनी मुकाट्यानं विळी काढली."

"मग ते कागद काळे करायचं काय लिहिलंत?"

"लिहायला काय जातं? धार लावली, फोटो काढला, पुढं पाठवला. सगळ्यांनी तेच केलं. आम्ही बोललो ना त्यावर."

"कुठं बोललात? मी नाही वाचलं."

"आमचा एक छोटा ग्रुप आहे. तिथं."

छोटा ग्रुप म्हणजे हेच सगळे, फक्त तो आणि मी सोडून. तिथं त्या चाकूला लाटणं म्हणतात हेही त्यांनी सांगून टाकलं, जणू मलाही हसू येईल.

"तो नोकरी सोडतोय, डॉक्टर."

"बोलतात हो माणसं, सोडत कुणी नाही. उगाच कशाला कुणाचं मन मोडा? मैत्री आहे आपली."

त्याचं मन मोडायचं नव्हतं, संसार मोडला तरी चालणार होता. सहाही जणांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि तो पडताना कसा दिसेल ते बघायला खाली घोळका करून उभे होते. केस तासणारे हे हात, एक खरं वाक्य लिहिताना यांना लकवा भरतो. मला छोट्या ग्रुपात घेतलं नव्हतं याचाही राग होता, तो कशाला लपवू. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू पण मस्त लिही अन् मोकळी हो. तुला काय पडलंय?" मला पडलं होतं. त्या माणसाच्या दोन पोरींची शाळा त्या पगारावर चालली होती.

रविवारी मी चाकू पिशवीत घालून देडतलाईच्या बसमध्ये बसले. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

तो अंगणातच होता. "ताई! काहून तकलीफ घेतली? कुरिअर करून द्यायचं ना." त्याच्या बायकोनं पाणी आणलं आणि दारातच उभी राहिली. मुली ओट्यावर अभ्यास करत होत्या. बसमध्ये मी बरेच मऊ शब्द जुळवले होते, पण माझ्या जिभेला त्यांची सवय नाही.

"भाऊ, याला धार टिकत नाही."

"मजाक करून राहिल्या तुम्ही."

"कानस आण."

त्यानं शेडमधून कानस आणली. पातं नीट कडक झालेलं असलं तर कानस त्यावरून घसरते. त्यानं ती फिरवली, ती कचकन बसली आणि लोखंडाचा भुगा त्याच्या पायावर पडला. त्यानं दुसऱ्या बाजूनं फिरवली. मग टोकाशी. मग मुठीजवळ.

"पाणी तं मी बरोबर दिलं होतं," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "व्हिडिओ, ताई."

"काय व्हिडिओ?"

"पातं बाहेर काढून धरलं ना मी. मोठीच्या हातात फोन होता, तिला व्हिडिओ नीट जमत नव्हता. म्हटलं लाल रंग दिसला पाहिजे, धरूनच ठेवलं. धार पतली असते, ती पहिले थंडी होते. थंडी झाल्यावर तेलात टाकून काय फायदा?"

भट्टीसमोर इतकी वर्षं बसलेल्या माणसानं कॅमेऱ्यापायी पातं हातात निवू दिलं होतं. आणि ज्या क्षणाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, त्याच क्षणी चाकू मेला होता. टाळ्यांत माझाही एक "वा" होता.

"अन् राजीनामा?" त्याच्या बायकोनं दारातून विचारलं. आल्यापासूनचं तिचं ते पहिलं बोलणं.

"आता काय देतो," तो म्हणाला. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. पोरी वह्यांत मान घालून होत्या.

मी निघायला उठले तेव्हा त्यानं विचारलं. माझ्याकडे न बघता, कानस पुसता पुसता.

"ताई, बाकीच्यांना समजलं होतं का?"

लाटणं हा शब्द माझ्या दातांशी येऊन बसला होता. आयुष्यभर मी तोंडावर बोलणारी बाई म्हणून मिरवले आहे, आणि त्या सहा जणांची लाज राखावी असं त्यांनी काही केलेलं नव्हतं. पण नोकरीवर तो उद्या जाणारच होता. आणि त्या सहा जणांखेरीज त्याला उस्ताद म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

"त्यांना काय समजतंय?" मी म्हटलं. "कपाटात ठेवला, फोटो काढला, पुढं पाठवला. चिरायला घेतला तो मीच."

त्याचा चेहरा सैल झाला. "हां. तेच म्हटलं मी. भाई लोक असं नाही करणार."

बसपर्यंत सोडायला येऊ का, असं त्यानं विचारलं नाही.

नोकरी टिकली. भट्टी त्यानं मोडली, म्हणे पावसात पत्रे उडाले. ग्रुपात तो अजून उस्तादच आहे आणि दुसऱ्यांच्या चाकूंना "मस्त भाई" लिहितो. माझा फोन उचलत नाही. मेसेजला उत्तर द्यावंच लागलं तर "नमस्कार मॅडम" म्हणतो. ताई गेली ती गेलीच. मला याचं वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं म्हणून आणखी राग येतो.

या हिवाळ्यात तो सगळा घोळका देडतलाईला त्याच्याकडे भरीत खायला गेला. मला बोलावणं नव्हतं. ग्रुपवर फोटो आला. वांगी भाजायला पेटवलेली आहुटी विझत आलेली, पंगत बसलेली, डॉक्टरांच्या पानात तो स्वतःच्या हातानं वाढतोय आणि डॉक्टरांचा हात त्याच्या खांद्यावर. मी फोटो मोठा करून पाहिला. तो खरोखर हसत होता. लाटणं हा शब्द मी टाइप केला, थोडा वेळ बघितला आणि पुसला. मग लिहिलं, "भरीत छान दिसतंय."

डॉक्टरांनी लगेच अंगठा दाखवला. मागोमाग बाकीच्या पाचांनीही दाखवला. त्यानं दाखवला नाही.